आक्कांचा झिपऱ्या

सांगलीत नोकरी लागली तेव्हा मी डॉक्टरकीची शेवटची परीक्षा नुकतीच पास झाले होते. आता आयुष्यात पुन्हा तोंडी परीक्षा नाही, म्हणून खुशीत होते. आक्कांनी ती दारातच घेतली. खोली बघायला गेले होते, त्या घरमालकीण.

‘काय करतीस?’

‘डॉक्टर आहे.’

‘दाव.’

मी पर्समधून प्रमाणपत्राची झेरॉक्स काढली. त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. ‘कागद नगं. डागदरकी दाव,’ म्हणून मनगट पुढं केलं. आता आली का पंचाईत! मी पॅथॉलॉजिस्ट. माझा सगळा कारभार काचेच्या पट्टीवर. मी खरं ते सांगून टाकलं, की मी माणसं तपासत नाही, त्यांचं रक्त दुर्बिणीखाली बघते आणि रोग ओळखते.

‘म्हंजे माणूस न बघताच?’

‘हो.’

‘आन् त्या माणसानं तरी बघितलंय का कवा, तू काय बघतीस त्ये?’

असला प्रश्न मला कुठल्या परीक्षकानं विचारला नव्हता. नाही म्हणावं लागलं. आक्का हसल्या. ‘खरं बोललीस. ऱ्हा,’ म्हणाल्या आणि कनवटीची किल्ली काढून दिली.

माहेर शिराळ्याचं, सासर आष्ट्याचं, नवरा फौजेत सुभेदार. ते गेल्यावर आक्का सांगलीतल्या त्या दोन मजली घरात एकट्या राहत. वर आम्ही भाडेकरू. एकुलता मुलगा पुण्यात कंपनीत. साठी ओलांडलेली बाई, पण आवाज असा की खाली ‘दूध आलं’ म्हटलं की वरच्या मजल्यावरची माणसं पातेली घेऊन पळत. मी साताऱ्याची, म्हणून माझं नाव पहिल्या दिवशीच पुसून ‘सातारकरीण’ केलं. ‘तुमच्यात पेढं गोड, माणसं त्याच्याहून गोड, म्हणून जरा जपून ऱ्हावं लागतंय,’ असं तोंडावर म्हणत.

‘दाव’ हा त्यांचा सगळ्या जगाला एकच सवाल होता. मंडईत वांगं घ्यायचं तर विकणाऱ्याच्या सुरीनं तिथंच चिरायला लावत. आत कीड निघाली तर ‘बघ, तुझ्या टोपलीत कोण बिऱ्हाड करून बसलंय,’ म्हणून त्यालाच दाखवत. टाकी धुतली असं कुणी सांगितलं की पदर खोचून स्वतः शिडी चढत. एका ज्योतिषानं मुलाला शनी लागलाय म्हटलं, तर आक्का म्हणाल्या, ‘कुठं लागलाय? अंगण मोकळं हाय, आभाळ मोकळं हाय, दाव.’ तो बिचारा दिवसाचं दिसत नाही म्हणाला. ‘मग दिसंल तवा ये,’ म्हणून त्याला चहा पाजून वाटेला लावलं. निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून आला, चोवीस तास पाणी देतो म्हणाला. आक्का त्याच्या कोपराला धरून थेट मोरीत घेऊन गेल्या. ‘सोड नळ. आत्ता सोड.’ त्याची माणसं बाहेर घोषणा देतायत आणि हा आत कोरड्या नळापुढं उभा! मी जिन्यात बसून पोट धरून हसले.

दुसरी गोष्ट म्हणजे कुजबुज. त्यांच्या घरात कुणी आवाज खाली केलेला चालायचा नाही. दोन भाडेकरू जिन्यात हळू बोलायला लागले की खालून हाक यायची, ‘मोठ्यानं बोला की! हळू बोलतंय त्ये खोटं बोलतंय.’ मला तर फोनवर आईशीसुद्धा मोठ्यानं बोलायची सवय लागली. माझं लग्न का जमत नाही हे अख्ख्या आळीला ठाऊक झालं.

हे सगळं कुठून आलं ते एकदा त्यांनीच सांगितलं. लहानपणी शिराळ्यात नागपंचमीला खरा नाग घरासमोर यायचा. बाकीच्या मुली आईच्या मागं दडत. हिला आजीनं पुढं ओढलं आणि सांगितलं, ज्याचं भ्या वाटतंय त्याच्या तोंडाकडं बघायचं. आक्कांनी बघितलं. ‘आगं, मला त्याच्या मिशा दिसत्यात का म्हणून मी बघत व्हते. मिशा न्हाईत त्याला. तवा भ्या गेलं.’ कोर्टानं जिवंत नाग बंद केल्यापासून शिराळ्यात चित्राची नाहीतर मातीच्या नागाची पूजा होते. ते बरोबरच आहे, मुक्या जिवाचे हाल वाचले, हे त्यांनाही पटे. पण पूजा करून आल्या की आठवडाभर कुरकुर असायचीच. ‘कागदावरच्या नागाच्या डोळ्याला कसा गं डोळा द्यायचा?’

त्या वर्षी श्रावणाच्या आधीपासूनच आक्का मलूल दिसायला लागल्या. शिडी चढेनात. ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. कुणी व्हायरल म्हणालं, कुणी रक्त कमी म्हणालं. डाव्या कुशीत जड लागतंय म्हणायच्या आणि वर ‘वारा धरलाय’ म्हणून ओवा खायच्या. एकदा मिरच्या निवडताना त्यांच्या दंडावर निळे डाग दिसले. मार कुठं लागला नव्हता, आणि त्याशिवाय असले डाग उगाच येत नाहीत. मी लगेच रक्त घेतलं, लॅबमध्ये नेलं.

मशीननं सगळंच कमी दाखवलं. तांबड्या पेशी कमी, पांढऱ्या कमी, रक्त गोठवणाऱ्या चकत्या कमी. मशीनला मोजता येतं, ओळखता येत नाही. म्हणून स्लाइड लावली. पांढरी पेशी म्हणजे साधारण गोल, स्वच्छ कडेची. मला मात्र मधूनच एखादी अशी दिसायला लागली की तिच्या कडेनं चहूबाजूंनी बारीक केस निघालेले. असला प्रकार मी पुस्तकात बघितला होता. केसाळ पेशींचा रक्ताचा कॅन्सर. फार विरळा. त्यात प्लीहा सुजते, म्हणजे ते डाव्या कुशीतलं जड.

आमच्या लॅबचे सर म्हणजे अनुभवी माणूस, पण चिडका. त्यांनी बघितलं आणि खिडकीकडं बोट केलं. बाहेर कृष्णा फुगलेली, भिंतींना ओल, कपाटातल्या कागदाला बुरशी. ‘पावसाळ्यात सांगलीत प्रत्येक पेशीला केस येतात डॉक्टर. स्लाइड हळूहळू वाळली की कडा फाटतात. या असल्या केसांवर मी कुणाला कॅन्सर लिहून देणार नाही. परत घ्या.’

त्यांचं चूक नव्हतं. दमट हवेत असं होतं खरंच. पण परत घ्या म्हणजे आक्कांचं परत रक्त घ्या!

‘पयलं कुठं सांडलंस?’ त्यांनी विचारलं.

‘सांडलं नाही आक्का. काच नीट वाळली नव्हती.’

‘मग तिथलं माझंच रक्त कशावरनं? माझ्या म्होरं काढ, माझ्या म्होरं लाव, माझ्या म्होरं वाळीव.’

आणि आल्या की लॅबमध्ये! स्टुलावर बसून बोट पुढं केलं. मी सुई टोचली, थेंब काचेवर घेतला, दुसऱ्या काचेनं पसरवला. तेवढ्यात सरांच्या टेबलावरचा पेपर उचलून आक्कांनी त्या काचेला असा वारा घातला, की सरांचे बाकीचे कागद उडून खाली. ‘अहो बाई!’ सर ओरडले. ‘वाळाय पायजे न्हवं तुमास्नी? घ्या वाळलं.’ खरोखर, डोळ्याचं पातं लवायच्या आत ती स्लाइड कोरडी ठणठणीत झाली होती. लॅबमध्ये त्या दिवसांत एवढी सुंदर वाळलेली स्लाइड मी बघितली नव्हती.

रंग दिला, दुर्बिणीखाली लावली. केस होते. आता ओलीचं निमित्त राहिलं नव्हतं.

सर बराच वेळ बघत राहिले. मग चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘बरोबर आहे तुमचं.’ पुढं हाडातला मगज काढायला गेले तर सुई कोरडी आली. या रोगात येतेच. पुण्याला नमुना पाठवला, तिथूनही तेच कळलं. आता चांगली गोष्ट ऐका. रक्ताच्या कॅन्सरांत हा त्यातल्या त्यात ऐकणारा. आठवडाभर सलाइनमधून औषध द्यायचं, पुढं काही महिने जपायचं, की बहुतेकांचा रोग वर्षानुवर्षं गप्प बसतो. वाईट एवढंच, की औषध मिळेपर्यंत अंगात लढायला पेशी नसतात. साधा ताप माणसाला घेऊन जाऊ शकतो. म्हणजे थांबायला वेळ नव्हता.

पुण्याहून मुलगा आला. सज्जन माणूस, मी त्याला दादा म्हणायची. मी सगळं सांगितलं. त्यानं इकडंतिकडं बघितलं, मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात नेलं आणि आवाज खाली केला. ‘ताई, आईला यातलं काही कळता कामा नये. तो शब्दच काढायचा नाही. अशक्तपणा आहे म्हणून सांगू.’

‘दादा, त्या विचारतील.’

‘बाबांना सांगितलं होतं आम्ही. पोटाचा होता. सुभेदार माणूस, दोन लढाया बघितलेला. ऐकलं आणि भिंतीकडं तोंड करून झोपला, तो परत वळला नाही. आईनं तसं केलं तर मी काय करू?’ बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. आपल्याकडं घरोघर हेच चालतं. रोग एकाचा, ठाऊक सगळ्या गावाला, आणि ज्याचा त्यालाच सोडून.

झालं ते असं. आक्कांना दवाखान्यात भरती केलं. नर्स सलाइन घेऊन आली.

‘कशाची गं बाटली?’

‘ताकदीची, आजी.’

‘मग तूच घे. लय वाळलीस.’ इकडं डॉक्टर दारात दादाशी हळू बोलतायत, शिराळ्याहून आलेली आक्कांची भावजय पदर तोंडाला लावून उभी. आक्कांनी सगळ्यांकडं नीट बघून घेतलं. दादा औषधं आणायला खाली गेला, तेवढ्यात चपला घातल्या, खाली उतरल्या आणि शिराळ्याची एसटी धरली. त्या दिवशी नागपंचमी होती.

मला कळलं तेव्हा माझं टाळकंच फिरलं. अंगात लढायला पेशी नाहीत आणि ही बाई जत्रेच्या गर्दीत निघाली! मी दादाला धरलं. ‘चला गाडी काढा.’ वाटेत मी त्याला काय काय बोलले ते सांगत नाही. एवढं आठवतंय, तो म्हणाला, ‘तिनं धीर सोडला तर?’ आणि मी ओरडले, ‘आक्कांनी आजवर गळता नळ तसा सोडला नाही, धीर सोडतील?’

भावाच्या सोप्यात आक्का बसल्या होत्या, अंगावर चादर, डोळे तापानं लाल. समोर भिंतीवर नागोबाचं चित्र लावलेलं, त्याला लाह्या वाहिलेल्या. आम्हाला बघून हलल्या नाहीत. मुलाकडं बघितलंसुद्धा नाही. मलाच म्हणाल्या,

‘सातारकरीण, काचेत काय हाय?’

दादानं माझा हात दाबला. मी आक्कांकडं बघितलं. त्यांना कसलीच घाई नव्हती. पहिल्या दिवशी मनगट पुढं करून उभ्या होत्या तशाच, उत्तर मिळेपर्यंत थांबणार. मी हात सोडवून घेतला.

‘चला,’ म्हटलं. ‘दावते.’

दादानं गाडीची किल्ली काढली. गाडी त्यानंच चालवली.

लॅबमध्ये सर होते. आक्कांना बघून त्यांनी स्वतःची खुर्ची दिली आणि आधी टेबलावरचे कागद उचलून ठेवले. मी स्लाइड लावली. मायक्रोस्कोपात बघणं पहिल्यांदा कुणालाच जमत नाही. आक्कांनी डोळा लावला आणि म्हणाल्या, ‘दिसली केसं!’

‘ती तुमच्या पापणीची आक्का. डोळा जरा मागं घ्या.’

‘आता नुसता उजेड.’

‘हलू नका. थांबा.’

मग त्या थांबल्या. मी बघत होते, त्यांचा श्वाससुद्धा हळू झाला. तांबड्या पेशींच्या गर्दीत मधोमध ती एक पेशी मी आणून ठेवली होती. जांभळी, गोल, कडेनं केस सुटलेली.

‘ह्यो?’

‘हो.’

‘अंगात आल्यागत झिपऱ्या सोडून बसलाय.’ पुन्हा बघितलं. ‘ह्यालाच क्यान्सर म्हणत्यात न्हवं?’

तो शब्द पहिल्यांदा काढला तो त्यांनी. दादा दाराशी उभा होता. मी हो म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. आणि पुढचंही सांगितलं, की औषध आहे, बहुतेकांना लागू पडतं, पण आधी अंगात त्राण राहत नाही, ताप चढू शकतो, जिवाला धोका आहे. काही लपवलं नाही.

आक्कांनी डोळा काढला आणि मुलाकडं वळल्या.

‘एवढुसा हाय त्यो! आन् ह्याच्यापायी तू पुण्यास्नं कुजबुजत आलास व्हय रं?’

‘आई, बाबांना सांगितलं तेव्हा...’

‘तुझ्या बापाला कुणी दावलाच न्हाई,’ आक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. ‘नुसतं नाव सांगितलं. नाव लय मोठं आसतंय लेका. त्या नावाखाली ग्येला त्यो. त्यानं एकदा ह्या असल्याकडं बघितलं असतं, तर उठून काठी घेतली असती.’

दादा लहान मुलासारखा रडला. आक्कांनी त्याला रडू दिलं, मग पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. ‘बस म्हणावं झिपऱ्या,’ त्या त्याला म्हणाल्या. ‘बघितलंय तुला मी.’

त्याच दिवशी परत भरती झाल्या. बाटली आली की नाव वाचून घ्यायच्या, ‘झिपऱ्याची हाय न्हवं? मग लाव.’ शेजारणी भेटायला आल्या, शहाळी घेऊन, चेहरे पाडून, कशी काय तब्येत म्हणून दबक्या आवाजात. आक्का उठून बसल्या आणि वॉर्डभर ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘मला रक्ताचा क्यान्सर झालाय. मोठ्यानं बोला, न्हाईतर शहाळं ठिऊन घरी जावा.’ एक बाई खरंच गेली. पलीकडच्या खाटेवर आष्ट्याकडचा एक म्हातारा होता, त्यानं आपल्या सुनेला हाक मारली, ‘आगं ए, मला काय झालंय गं?’ सुनेची दातखीळ बसली. सर म्हणाले, तुमच्या घरमालकीणबाईंना आवरा, दवाखाना बंद पडेल.

दुसऱ्या आठवड्यात मात्र ताप चढला. औषधानं होत्या नव्हत्या त्या पेशीही खाली गेल्या होत्या. दुपारभर अंगाची लाही होत होती, आक्का भ्रमात बोलत होत्या, आणि मी लॅब सोडून त्यांच्या पायाशी बसले होते. मी घाबरले होते, सरळ सांगते. दादा आणि डॉक्टर दारात बोलायला लागले, तर खाटेवरनं चिंधीसारखा आवाज आला, ‘मोठ्यानं...’ डॉक्टर आत आले. त्यांनी आक्कांच्या कानाशी वाकून, पण मोठ्यानं सांगितलं, ‘आजी, आज फार अवघड आहे. दुसरं औषध चालू करतोय.’ आक्कांनी मान हलवली. ‘आसं सांगा की,’ म्हणाल्या आणि डोळे मिटले. ताप चौथ्या दिवशी उतरला.

थंडी पडली तोवर शिडी चढायला लागल्या होत्या. तपासणीचा दिवस आला, तेव्हा लॅबमध्ये येऊन स्टुलावर बसल्या, बोट पुढं केलं आणि दुसऱ्या हातात पेपर घेऊन वारा घालायला तयार. सरांनी आपले कागद आधीच कपाटात टाकले होते. मी बघितलं, सरांनी बघितलं, मग आक्कांनी बघितलं. त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला. काच इकडं सरकव, तिकडं सरकव, कोपरा दाव, पल्याडची कड दाव. माझी मान अवघडली.

‘गेला आक्का झिपऱ्या,’ मी म्हटलं.

‘ग्येला म्हणू नगंस,’ त्यांनी दटावलं. ‘दिसत न्हाई म्हण. दिसंल तवा बघू त्याच्याकडं.’

पुढं मी साताऱ्याला परत आले. लग्न झालं, स्वतःची लॅब काढली. आक्कांचा फोन येतो, आमच्याकडच्या पेढ्यांची आणि माझ्या सासूची चौकशी होते.

मागच्या आठवड्यात फोन आला तो दादाचा. मागं रस्त्याचा आवाज, आणि हा सांगलीतल्या लॅबच्या दारात उभा राहून ओरडून बोलत होता. ‘ताई, आईच्या पेशी परत कमी यायला लागल्यात. स्लाइडवर केसाळ दिसतायत म्हणाले. मी तिला सांगितलं. आधी तिला सांगितलं, मग तुम्हाला करतोय.’

माझ्यासमोर लॅबमध्ये बाकावर माणसं बसली होती. रिपोर्टची वाट बघत, एकमेकांच्या तोंडाकडं बघत. मी नकळत रिसीव्हरभोवती हात धरला, तोंड भिंतीकडं वळवलं आणि हळूच विचारलं, ‘दादा, ताप आहे का त्यांना?’

तिकडं फोन कुणीतरी हिसकावून घेतला.

‘हळू का बोलतीस गं सातारकरीण? रक्त माझं हाय न्हवं? झिपऱ्या परत आलाय म्हणत्यात. ही हितली पोरं काच दावंनात. तू कवा येतीस?’

मी भिंतीकडचं तोंड वळवलं. खुर्ची सरकवून उभी राहिले आणि सगळी लॅब दचकेल अशा आवाजात म्हटलं, ‘उद्या पहिल्या गाडीनं येते आक्का! बोट धुऊन ठेवा!’